शिट्टी आणि कडाबीन

आमच्या ड्रिलच्या सरांनी मनात आणलं असतं तर त्यांनी क्षिप्रा नदीलासुद्धा दोन-दोनच्या रांगेत वाहायला लावलं असतं. उज्जैनमध्ये हे वाक्य मी अनेकांसमोर बोलून पाहिलं आहे आणि आजवर एकानेही ते खोडून काढलेलं नाही. उलट प्रत्येकाने त्यात आपल्या पदरची एक गोष्ट घातली. सर बत्तीस वर्षं फ्रीगंजातल्या एका शाळेत ड्रिल शिकवत होते, पण शाळा ही त्यांच्या दृष्टीने शहराची फक्त एक तुकडी होती. पहाटे ते खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून राम घाटावर फिरायला जात आणि तिथे पंड्यांच्या छत्र्या वेड्यावाकड्या दिसल्या की एकेक छत्री सरळ रेषेत आणत. सर गेले की छत्र्या पुन्हा आपापल्या जागी सरकत. असं काही वर्षं चाललं. मग पंड्यांनीच हिशेब केला असावा की रोज दोनदा छत्री हलवण्यापेक्षा ती सरळ लावलेली बरी, आणि घाटाचा तेवढा तुकडा कायमचा शिस्तीत आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीच्या टोपलीतल्या दुध्या ते उंचीप्रमाणे लावून देत. "मास्साब, लौकी है, बच्चे थोड़ी हैं," ती म्हणायची. "लाइन में लौकी भी अच्छी लगती है," असं म्हणून सर शेवटची आखूड दुधी टोकाला ठेवत आणि न घेता निघून जात, कारण एक काढली असती तर रांग मोडली असती.

माझं आणि त्यांचं खरं तर जमायलाच नको होतं. माझे बाबा कापडाच्या गिरणीत युनियनचं काम करायचे. गिरणी बंद पडली, पाठोपाठ बाबा गेले, आणि घरात आई, मी आणि पत्रकांचे गठ्ठे उरले. त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षर गिरवलं होतं. साहजिकच शिस्त, हुकूम, कवायत या शब्दांवर माझा जन्माचा राग. एम.ए.ला असताना मी 'शिस्त कोणाच्या सोयीची?' नावाचं एक पत्रक काढलं आणि पहिली प्रत मुद्दाम जिना चढून वर जाऊन सरांच्या हातात दिली. ते आमच्याच गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. सरांनी पत्रक उभ्याने वाचलं, दोनदा वाचलं. मी वादाच्या तयारीत होते. "डावीकडे एक इंच समास सोडत जा गं," ते म्हणाले. "बाकी तुझं म्हणणं बरोबर असेल. पण शब्द कागदाच्या कडेवरून पडताहेत, वाचणाऱ्याला भीती वाटते."

नव्वदनंतरची ती वर्षं होती. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, आणि एके दिवशी शाळेच्या मैदानाच्या भिंतीवर एका शीतपेयाची अक्षरं रंगवायला माणूस आला. मी संतापून तिथे गेले, की मुलांच्या मैदानाची भिंत अशी विकली कशी जाते. तर सर आधीच हजर होते, आणि माझ्यापेक्षा जास्त संतापले होते. मला भरून आलं. मग कळलं की त्यांचा राग अक्षरं तिरकी काढल्याबद्दल होता. पेंटर सांगत होता की कंपनीची अक्षरं अशीच तिरकी असतात. सर म्हणाले, "कंपनीला सांग, ही भिंत मैदानाची आहे. इथे सगळे ताठ उभे राहतात." पेंटरने शेवटी कंटाळून ती सरळ काढली. पुढची कित्येक वर्षं ते जगप्रसिद्ध नाव उज्जैनमध्ये एका ठिकाणी सावधानच्या स्थितीत उभं होतं, आणि माझ्या सगळ्या निषेधापेक्षा कंपनीला तेच जास्त झोंबलं असेल असं मला आता वाटतं.

अशा माणसाच्या घरात शिट्टी आली. शाळेच्या खेळाच्या खोलीत, उंच उडीच्या गादीवर एक पिल्लू झोपलेलं सापडलं. काळं, एक कान उभा, एक पडलेला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सरांनी ते पिल्लू टोपलीत घालून घरी आणलं आणि तिचं नाव शिट्टी ठेवलं, कारण गळ्यात काहीतरी हाक मारण्यासारखं असायची त्यांना सवय होती. शिट्टीने शिस्तीतलं एकही काम कधी केलं नाही. 'बस' म्हटलं की ती जायची, 'ये' म्हटलं की झोपायची, आणि सरांच्या खडूच्या बुटांवर पंजे ठेवूनच जिना उतरायची. ज्यांच्या एका नजरेने सहाशे मुलं गप्प होत ते सर तिच्यापुढे हतबल होऊन म्हणत, "असू दे. एक तरी पाहिजे ना घरात मोकळं." मी ते ऐकलं आणि तेव्हापासून वर त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले.

शिट्टीला जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती गोष्ट नेमकी आमच्या गल्लीवरून जायची. श्रावणात दर सोमवारी दुपारी महाकालाची सवारी निघते, ती पालखी आमच्या गल्लीतून राम घाटाकडे उतरते, आणि तिच्या पुढे कडाबीन चालते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: कडाबीन म्हणजे हातात धरायची आखूड लोखंडी तोफच. नळीत बारूद ठासायची, बत्ती द्यायची, आणि जो बार होतो त्याने घाटावरची कबुतरं नदीच्या पलीकडे जातात. राजा येतो आहे, वाट मोकळी करा, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी शिट्टी कपाटामागे शिरली ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली. दुसऱ्या वर्षी तिने जिन्यावरून उडी मारली आणि गर्दीतून नाहीशी झाली. तीन दिवस आम्ही तिला शोधत होतो. सर हातात दोरी घेऊन घाटावर, पुलावर, मोडक्या भिंतींमागे बघत फिरत होते आणि रांग मोडलेली कुठलीही वस्तू त्यांना दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बडनगर रोडवर एका ढाब्यामागे ती सापडली, पुढचा एक पंजा फाटलेला. सरांनी तिला उचलून घरापर्यंत आणलं. चार किलोमीटर.

मी अर्थातच पत्रक लिहायला बसले, की धर्माच्या नावावर बारूद कशासाठी. सरांनी अर्धवट मसुदा वाचला. समास नीट होता. "काढ पत्रक," ते म्हणाले. "दोनशे वर्षांची चाल आहे, कधीतरी बंद होईल. पण तोवर शिट्टी म्हातारी होईल. तू जगाला समजाव, मी हिला समजावतो. बघू कोणाचं आधी होतं." मग ते म्हणाले, "माझ्याकडे फक्त एक श्रावण आहे."

तेव्हा मला ते कळलं. त्यांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता, त्याने चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, आणि बाबांनी आता एकटं राहू नये म्हणून तो दर रविवारी एसटीडीवरून हट्ट धरत होता. पुढच्या दिवाळीला सर जाणार हे ठरलं होतं. सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. शिट्टी आमच्याकडे राहणार हे आईने एका वाक्यात मान्य केलं होतं, मला न विचारता. "तुमच्याकडे ती मजेत राहील," सर म्हणाले. "पण घाबरून पळाली तर शोधायला मी नसेन. तू पण कुठे असतेस? तुझे मोर्चे असतात, धरणी असतात. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. म्हणून तिचं पळणंच सोडवायचं. बाकी काही नाही शिकली तरी चालेल."

ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना पळायला शिकवलं तो एका कुत्रीला न पळायला शिकवणार होता. सरांनी एक रजिस्टर घातलं. निवृत्तीच्या वेळी शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि शर्यतीचं ते जुनं पिस्तूल दिलं होतं, ज्यात गोळी नसते, फक्त आवाज असतो. त्यांच्या हिशेबाने पद्धत सोपी होती: आवाज इतका लांबून करायचा की तो आवाज न वाटता बातमी वाटावी, त्याच क्षणी तिला जगातली सर्वांत आवडती वस्तू द्यायची, आणि मग दर दोन दिवसांनी पाच पावलं जवळ यायचं. जगातली सर्वांत आवडती वस्तू कोणती, हे शोधायला आठवडा गेला. दही-भात, पेढा, शेव, काही चाललं नाही. शेवटी नानाखेड्याच्या बस स्टँडवरच्या हातगाडीजवळ तिने एका प्रवाशाच्या हातातून उकडलेलं अंडं पळवलं आणि प्रश्न सुटला. सरांच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नव्हतं. ते रोज सकाळी गाडीवर जाऊन, दोन्ही बाजूंना बघून, चार अंडी वर्तमानपत्रात अशी गुंडाळून घेत की हातगाडीवाल्याला वाटावं आपण काहीतरी बेकायदा विकतो आहोत.

फाल्गुनापासून आम्ही पहाटे सायकली घेऊन नानाखेड्याच्या पलीकडे शेतात जायला लागलो. सरांच्या सायकलच्या पुढच्या टोपलीत शिट्टी बसायची, उभा कान वाऱ्यावर, पडलेला कान डोळ्यावर. तेव्हा तिथे वसाहती उगवायच्या होत्या. फक्त चुन्याने आखलेले प्लॉट होते आणि त्यांच्यामधून गव्हाचं पीक अजून उभं होतं. सर एका बांधावर शिट्टीला मांडीशी धरून बसत. पिस्तूल मी उडवायचं, कारण अंडं त्यांच्याच हातून जायला हवं होतं. बंदुकीच्या विरोधात दोन पत्रकं लिहिलेली मी, धुक्यातून दोनशे पावलं मोजत जायची आणि हात वर करून उभी राहायची. मग लांबून सरांचा तो आवाज यायचा, बत्तीस वर्षं मैदान कापत गेलेला: "सावधान." आणि मी चाप ओढायची.

त्या सकाळी आता मला जागेपणी घडल्यासारख्या वाटत नाहीत. आधी धूर सुटायचा, पांढरा, आणि तो वर जाऊन धुक्यात विरघळायचा. आवाज मागाहून निघून, गव्हावरून चालत, सरांपर्यंत पोहोचायचा. त्या मधल्या क्षणात बांधावर दोन आकृत्या दिसायच्या, एक ताठ आणि एक वाकडी, आणि दोघीही वाट बघत असायच्या. मग शिट्टीची मान थोडी हलायची आणि सरांचा हात खाली जायचा. मोर ओरडायचे. कुठूनतरी पंपाची टुकटुक यायची. एकदा एक शेतकरी बांधावर येऊन बराच वेळ हे बघत राहिला. शेवटी त्याने सरांना विचारलं, "क्या मार रिये हो मास्साब?"

"कुछ नहीं. कुतिया को अंडा खिला रहे हैं."

"इतनी दूर से?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बैलांकडे गेला.

सर घरी निघण्याआधी रजिस्टरमध्ये लिहीत: 'एकशे पंच्याण्णव. मान हलली. अंडं खाल्लं.' 'एकशे साठ. कान वर. अंडं खाल्लं.' 'एकशे दहा. उभी राहिली, बसली. अंडं खाऊन माझं बोट चावलं.' सायकलवर ते मला गोष्टी सांगत. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर तोफखान्यात इकडे आले होते, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी विचारलं की तोफखान्यात ते नेमकं काय करायचे. सरांनी रस्ता रिकामा असताना घंटी वाजवली. "बैल हाकायचे," ते म्हणाले. "पण बार झाला की बैल उधळायचे नाहीत. ते काही साधं काम नाही."

वैशाखाच्या शेवटी मी शिट्टीच्या शेजारी उभी राहून बार काढला. ती जांभई देऊन सरांच्या खिशाकडे बघत राहिली. सरांनी रजिस्टरच्या त्या पानावर 'शून्य' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी आम्हा दोघींना पोहे-जलेबी खिलवली. मीही खूश होते. मला वाटत होतं की भीती ही शिकवलेली असते आणि म्हणून ती विसरवताही येते, आणि यावर माझ्या डोक्यात एक पत्रक तयार होत होतं.

ज्येष्ठात गल्लीतून एक वरात आली. लग्नात हवेत बंदूक उडवणं ही आमच्याकडची मर्दुमकीची सगळ्यात स्वस्त तऱ्हा आहे आणि तिच्याबद्दल मी काय लिहिलं आहे ते ज्यांना हवं त्यांनी माझ्याकडून मागून घ्यावं. नवऱ्याच्या कुठल्यातरी मामाने सरांच्या जिन्यासमोर दुनाली वर केली आणि काही न सांगता, काही न विचारता उडवली. सर आणि मी वर निर्धास्त बसलो होतो. शून्यावरची कुत्री होती आमची. शिट्टी जागच्या जागी हवेत उडाली, जिन्यावरून कोसळत खालच्या भांड्यांच्या दुकानात गेली, पितळी हंड्यांचा मनोरा खाली आणला आणि त्या आवाजाने आणखी भेदरून वरातीच्या घोडीच्या पायांतून पार झाली. नशीब, गल्लीच्या तोंडाशी आमची आई भाजी घेत होती. तिने पिशवी टाकून शिट्टीला कवेत धरलं. दुखऱ्या गुडघ्यांसकट ती तिथेच रस्त्यावर बसली आणि सर येईपर्यंत तिने तिला सोडलं नाही.

सर वर आले आणि रजिस्टर उघडून बसले. पान पान मागे जात होते, कुठे चुकलं ते शोधत. तीन महिने, एकही दिवस खाडा नाही. आई दारात गुडघ्याला तेल चोळत बसली होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही दर वेळी बार काढायच्या आधी काहीतरी ओरडायचे ना? ही सांगायची मला."

"सावधान म्हणायचो. त्याशिवाय पिस्तूल उडवायचं नसतं."

"मग तिला आवाजाची नाही सवय झाली," आई म्हणाली. "तुमची झालीय. तुम्ही म्हटलं की तिला कळतं, आता जे होईल ते बरंच होईल. त्या मेल्याने कुठे म्हटलं?"

सरांनी रजिस्टर मिटलं. ज्या एका शब्दाशिवाय बत्तीस वर्षांत त्यांनी एकही बार काढू दिला नव्हता, त्या शब्दाने हे केलं होतं. मी काही बोलणार होते, बहुधा हुकूम आणि सवयीबद्दल. पण त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायला उठले.

आषाढ याच विचारात गेला. श्रावण आला तेव्हा सरांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. पहिल्या सोमवारी सकाळी ते कडाबीनवाल्याकडे गेले, मला सोबत घेऊन. तो चाळिशी उलटलेला, दाट मिशांचा माणूस बारूद वाळत घालत बसला होता. सरांनी त्याला सांगितलं की आमच्या गल्लीपुरतं, मी सावधान म्हणेन, मग तू बत्ती दे. तो हसायला लागला. "मास्साब, महाकाल की सवारी है, पीटी नहीं है." मग त्याने सरांकडे नीट बघितलं. "आपने पहचाना नहीं मेरे को. आठवीं में लाँग जंप में बाहर कर दिया था. बोले थे पैर लाइन पे है."

"था," सर म्हणाले.

"था तो," त्याने कबूल केलं. बराच वेळ तो बारूद हाताने सारखी करत राहिला. "सिर्फ आपकी गली में. और आवाज जोर से लगाना, मेरे को अब कम सुनाई देता है."

त्या दुपारी झिरमिर पाऊस होता. घरांच्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या, बेलाचा आणि ओल्या कपड्यांचा वास गल्लीत साचला होता. ढोल जवळ आले. सर जिन्याच्या खालच्या पायरीवर शिट्टीला घेऊन उभे होते, बूट नुकतेच खडूने पांढरे केलेले. कडाबीनवाल्याने नळी उचलली आणि सरांकडे बघितलं. सरांनी छाती भरून घेतली. "सावधान," ते गरजले, आणि अख्खी गल्ली ताठ झाली. अर्ध्या गल्लीने कधी ना कधी त्यांच्या हाताखाली कवायत केलेली होती. हात आपोआप मांड्यांना चिकटले, टाचा जुळल्या. गर्दी आवरायची दोरी धरून चालणारा हवालदार सावधान झाला. ढोलवाल्यांच्या टिपऱ्या वरच राहिल्या. गावाबाहेरून आलेल्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूने हा पूजेचाच भाग समजून दोन्ही हात शरीराशी लावले आणि डोळे मिटले. त्या शांततेत बार झाला. कबुतरं उडाली. शिट्टी मान वर करून म्हणाली, कुत्र्याला म्हणता येईल तेवढं म्हणाली, की अंडं कुठे आहे. ते तिला मिळालं, आणि पालखी पुढे गेली.

संध्याकाळी लोक सरांचं कौतुक करायला जिना चढून आले. भांड्यांचा दुकानदार म्हणाला की हे आता दर वर्षी व्हायला पाहिजे, सवारीला शोभा आली. सर सगळ्यांना चहा देत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "पुढच्या वर्षी कोण म्हणणार?"

"मी म्हणेन."

"तू?" ते पहिल्यांदाच हसले. "तू लोकांना सावधान म्हणणार? तुझे बाबा वरून पत्रक टाकतील." मग ते गंभीर झाले. "तुझा आवाज तिला माझा वाटणार नाही गं. आणि वाटला तरी उपयोग काय? किती वर्षं म्हणशील? तुझं लग्न, नोकरी, काय काय असेल. नाही. तिला माझ्याशिवायच थांबता आलं पाहिजे."

दुसऱ्या सोमवारी ते सावधान म्हणाले, पण गरजले नाहीत. नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले. कडाबीनवाल्याला ऐकू गेलं नाही, त्याने ओठ बघून बत्ती दिली. गल्ली या वेळी अर्धीच ताठ झाली. तिसऱ्या सोमवारी त्यांनी तो शब्द फक्त शिट्टीच्या उभ्या कानात सांगितला, गुडघ्यावर बसून, जसं एखाद्या मुलाला घरचं गुपित सांगावं. ती थरथरली, पण राहिली. चौथा सोमवार शेवटचा. मी त्यांच्या शेजारी उभी होते. कडाबीनवाल्याने सवयीने त्यांच्याकडे बघितलं, आणि सरांनी मान दुसरीकडे वळवली. शिट्टी वर बघत होती, थेट त्यांच्या तोंडाकडे. गळ्याची घाटी एकदा खाली-वर झाली. तो शब्द तिथपर्यंत आला होता हे मला दिसत होतं. आयुष्यात मी पुष्कळ माणसांना बोलण्यासाठी धैर्य एकवटताना पाहिलं आहे. गप्प राहण्यासाठी इतकं लागतं हे त्या दिवशी पाहिलं.

बार झाला. शिट्टी उठली. तिची शेपटी पोटाखाली गेली, तिने एक गिरकी घेतली, गळ्यातली दोरी तिच्यामागे फरफटली, तिने जिन्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं. दोरी सरांनी हातातून केव्हाच सोडून दिलेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कोणी तिला अडवणार नव्हतं. मग ती परत आली आणि सरांच्या पांढऱ्या बुटावर अंगाचा सगळा भार टाकून बसली, थरथरत. सर हलले नाहीत. पालखी गेली, ढोल घाटाकडे उतरले, पाऊस थांबला, माणसं पांगली.

"घाबरली," मी म्हणाले.

"घाबरू दे," सर म्हणाले. "थांबली ना."

त्या दिवशीचं अंडं त्यांनी तिला दिलं तेव्हा ते सोलायला त्यांना फार वेळ लागला. रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले. जायच्या दिवशी त्यांनी शिट्टीला आमच्या ओट्यावर बांधलं नाही, नुसतं बसवलं, आणि मागे न बघता रिक्षात बसले. ती बराच वेळ रिक्षा गेली त्या बाजूला बघत होती, मग आत येऊन आईच्या पलंगाखाली झोपली. पुण्याहून त्यांची पत्रं येत. लिफ्टमध्ये लोक कसे उभे राहतात याबद्दल त्यात दोन पानं तक्रार असे, आणि शेवटी एकच ओळ, शिट्टी बरी असेल. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह नसे. मला वाटतं, प्रश्न विचारला तर उत्तर यायचं आणि उत्तर काहीही असू शकतं, म्हणून.

पुढच्या श्रावणात, पहिल्या सोमवारी, विद्यापीठासमोर आमची निदर्शनं होती आणि तीनला मी तिथे असायला हवं होतं. मी तिला आईपाशी सोडून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. शिट्टी आणि मी सरांच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहिलो. ढोल आले, झिरमिर आली. कडाबीनवाल्याने आमच्यासमोर येऊन क्षणभर नळी खाली धरली, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग वर केली. शिट्टीने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या बाजूला, माझ्याहून वीतभर उंच, जिथे एखाद्या ताठ माणसाचा चेहरा असायला हवा तिथल्या हवेकडे ती बघत राहिली. बार झाला आणि तिचं अंग मुठीसारखं आवळलं गेलं. मग सावकाश ती सरकत आली आणि माझ्या पायावर बसली.

पालखी गेली. मागचे भजनवाले गेले, फुलं विकणारे गेले, गल्ली ओली आणि मोकळी झाली. घाटाकडून घंटा ऐकू येत होती. ती अजून तशीच बसून होती आणि तिची थरथर माझ्या घोट्यातून वर येत होती, हळूहळू कमी होत. माझा पाय केव्हाच बधिर झाला होता. मी तो हलवला नाही.